आकड्याला गाव हवं

महाराष्ट्रात जळकोट नावाची दोन ठळक गावं आहेत. एक लातूर जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगराळ टापूतलं तालुक्याचं ठिकाण. दुसरं धाराशिव जिल्ह्यातलं, तुळजापूर तालुक्यात नळदुर्गजवळ, सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरचं. तिथल्या माणसांचा यात कधी घोटाळा होत नाही. पण एखाद्या संशोधकाची जुनी वही उघडली आणि तिच्यात एवढंच लिहिलेलं सापडलं: ‘जळकोट, विहीर क्र. 7, पाणी 12’. यावरून काय समजायचं?

जळकोट कुठलं? बारा म्हणजे फूट, मीटर की परस? विहिरीची खोली आपल्याकडे अजूनही परसात सांगतात. एक परस म्हणजे साधारण एक पुरुष उंची, आणि ती माणसागणिक बदलते. पाणी बारावर लागलं की विहिरीत बारा पाणी होतं? मोजणी कठड्यापासून केली की जमिनीपासून? महिना कोणता, साल कोणतं? पावसाळ्यानंतरचे बारा आणि मे महिन्यातले बारा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आकडा खरा आहे, कुणीतरी उन्हात विहिरीच्या काठावर उभं राहून तो मोजला आहे. पण त्याची ओळख पुसली गेली आणि मेहनत वाया गेली.

विद्यापीठांच्या ग्रंथालयांपुढे आज जे नवं काम उभं आहे, त्याचं मूळ या एका ओळीत आहे. त्या कामाला संशोधन डेटाचं व्यवस्थापन आणि जतन म्हणतात. मराठीत डेटाला ‘विदा’ असा शब्द आहे, पण बोलताना आपण डेटाच म्हणतो. संशोधनात निष्कर्षाच्या आधी जे जे गोळा होतं, ते सगळं यात येतं: भरून घेतलेल्या प्रश्नावल्या, मुलाखतींचं ध्वनिमुद्रण, प्रयोगशाळेतल्या नोंदी, माती-पाण्याच्या तपासणीचे तक्ते, छायाचित्रं, नकाशे. प्रबंध हे पक्कं अन्न म्हटलं, तर डेटा हे त्याचं धान्य. त्याच धान्यातून उद्या दुसरा कुणी वेगळा पदार्थ करू शकतो. मात्र धान्य शिल्लक असायला हवं आणि कणगीवर चिठ्ठी हवी.

पुन्हा मोजता न येणारं

सगळा डेटा सारख्या मोलाचा नसतो. प्रयोगशाळेतला प्रयोग बहुतेक वेळा पुन्हा करता येतो. निरीक्षणाचं तसं नाही. तो दिवस गेला की गेला.

मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. त्याच्या आदल्या वर्षी, 1992 मध्ये, त्या भागाला लहान धक्के जाणवले होते. त्या धक्क्यांच्या ज्या नोंदी त्या वेळी झाल्या, तेवढ्याच आज अभ्यासकांच्या हाती आहेत. ज्या झाल्या नाहीत, त्या आता कितीही पैसा ओतला तरी होणार नाहीत.

2016 चा उन्हाळाही तसाच. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण आटलं आणि मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन 12 एप्रिल 2016 रोजी लातूरला पोहोचली. त्या महिन्यात जळकोट, उदगीर, चाकूर भागातल्या विहिरी किती खाली गेल्या होत्या, हे फक्त त्या महिन्यातच मोजता येत होतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत, मोजते. पण गावोगावच्या बाकी विहिरींच्या नोंदी मिळाल्याच, तर भूगोलाच्या किंवा पर्यावरणशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने लघुप्रबंधासाठी ठेवलेल्या वहीतच मिळतील. ती वही आता कुठे असेल?

प्रबंध राहतो, वही जाते

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना 17 सप्टेंबर 1994 रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात, लातूरला त्याचं उपकेंद्र आहे. तेव्हापासून या चार जिल्ह्यांतली गावं, पिकं, बोली, तांडे, बाजार, शाळा यांवर पीएच.डी.ची कामं होत आली आहेत. प्रबंधांचं काय करायचं, हा प्रश्न देशाने बऱ्याच अंशी सोडवला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनी पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या संग्रहात आज देशभरातले पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि जळकोटमधला विद्यार्थीही ते मोबाइलवर उघडून वाचू शकतो. ही मोठीच सोय झाली.

पण शोधगंगेत सापडतो तो तयार प्रबंध. त्यात सरासरी असते, टक्केवारी असते, आलेख असतो. समजा, चारशे शेतकऱ्यांच्या प्रश्नावल्या भरून घेतल्या. त्यांतून ‘62 टक्के शेतकरी सोयाबीनकडे वळले’ हे एक वाक्य प्रबंधात आलं. मात्र कोरडवाहू शेतकरी किती, बागायतदार किती, ज्वारी कुणी आणि का सोडली, हे त्या चारशे कागदांत राहिलं. मौखिक परीक्षा झाली, पदवी मिळाली, घर बदललं आणि गठ्ठा रद्दीत गेला. संगणकावरची फाइल लॅपटॉपबरोबर गेली.

जगभर हेच घडतं. वनस्पती आणि प्राण्यांच्या शरीराच्या मोजमापांवर लिहिलेल्या 516 शोधलेखांचा मूळ डेटा मिळतो का, हे टिमथी व्हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिलं. त्यांचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. लेख जसजसा जुना होतो, तसतशी त्याचा डेटा अस्तित्वात असण्याची शक्यता दरवर्षी सुमारे 17 टक्क्यांनी घटत जाते, असं त्यांना आढळलं. कारणंही साधी होती. लेखकांचे ईमेल पत्ते बंद पडलेले, आणि डेटा अशा जुन्या साधनांवर पडून होता की ती वाचणारी यंत्रंच हाताशी नव्हती.

किल्लीशिवाय कुलूप

कागद टिकला, फाइल टिकली, म्हणजे डेटा टिकला असं होत नाही. तो समजला पाहिजे. मराठी साहित्याच्या इतिहासातच याचा मोठा दाखला आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून शतकानुशतकं जपले. नांदेड जिल्ह्यातलं माहूर हे या पंथाचं एक श्रद्धास्थान. पोथ्या सुरक्षित होत्या, अक्षरं स्पष्ट होती, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिपीची किल्ली अभ्यासकांच्या हाती येईपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकाला त्यातलं काहीच उमगत नव्हतं. महानुभावांनी लिपी जाणूनबुजून झाकली होती. आजचा संशोधक मात्र नकळत तेच करतो.

देवणी गायीचं उदाहरण घ्या. लातूर जिल्ह्याचं नाव देशभर नेणारी ही जात. रंगावरून तिचे तीन प्रकार मानतात: पूर्ण पांढरा बालांक्या, तोंडाच्या बाजू काळ्या असलेला वानेरा आणि अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा. एखाद्या अभ्यासकाने दोनशे जनावरांच्या तक्त्यात एका रकान्यात ‘बा’, ‘वा’, ‘शे’ एवढंच लिहिलं, तर जळकोटचा पशुपालक ते लगेच ओळखेल. पण वीस वर्षांनी दुसऱ्या राज्यातल्या अभ्यासकाला तीच सकळ लिपी ठरेल.

मराठवाड्यातल्या जुन्या नोंदींत अशा किल्ल्या पावलोपावली लागतात. निजामी राजवटीतली सालं फसली या महसुली सनात आहेत. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे फसली 1350 हे 1940-41 चं वर्ष. पैशांचे आकडे बरेचदा निजामाच्या हाली सिक्क्यात असतात आणि इंग्रजी कलदार रुपया त्याहून भारी होता. साधारण सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार. धान्याच्या दरांचा तक्ता करताना ‘हाली’ हा एक शब्द गाळला, तर सगळा हिशेब सुमारे 17 टक्क्यांनी फुगतो आणि चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

जिल्ह्यांच्या सीमांचंही असंच. लातूर जिल्हा 1982 मध्ये उस्मानाबादेतून वेगळा झाला. 1991 च्या जनगणनेत जळकोट तालुका नाही, 2001 च्या जनगणनेत तो आहे. पुढे 2023 मध्ये उस्मानाबादचं नाव धाराशिव झालं. तेव्हा ‘उस्मानाबाद जिल्हा, 1971’ आणि ‘धाराशिव जिल्हा’ हे आकडे शेजारी ठेवून तुलना केली, तर वाढ-घट दिसेल ती लोकसंख्येची नसेल, सीमारेषेची असेल. 2011 च्या जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. गावाच्या नावाबरोबर तो क्रमांक आणि जनगणनेचं वर्ष लिहिलं की दोन जळकोटांचा घोळ कायमचा मिटतो.

डेटाबद्दलच्या या माहितीला ग्रंथपाल मेटाडेटा म्हणतात. म्हणजे आकड्याचं गाव, घर आणि कुळ. वहीतली ती ओळ अशी लिहिली असती तर? ‘जळकोट, ता. जळकोट, जि. लातूर, विहीर क्र. 7; जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर 12 मीटर; मोजणी टेपने; तारीख 2016-04-12; आदल्या चोवीस तासांत उपसा नाही.’ लिहायला एक मिनिट लागतं. एवढ्यावर ती नोंद पन्नास वर्षांनीही कामाला येईल.

मराठी टंकाचा सापळा

आणखी एक कुलूप खास आपल्या भाषेचं आहे. युनिकोड रुळण्याआधी, आणि काही ठिकाणी नंतरही, मराठी मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, सुरेख अशा फॉन्टांत टाइप होत असे. त्या फाइलमध्ये खरं तर देवनागरी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेला असतो रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेत, आणि त्यावर फॉन्ट देवनागरीचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मुखवटा गळतो आणि ‘जळकोट’च्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या खुणा यांची खिचडी दिसते. शोधही लागत नाही, कारण संगणकाच्या लेखी त्या फाइलमध्ये जळकोट हा शब्दच नाही.

नव्वदच्या दशकापासून मराठीत झालेल्या कित्येक मुलाखती, लोकगीतांचे संग्रह, बोलींच्या शब्दसूच्या अशा फॉन्टांत अडकल्या आहेत. यावर उपाय आहे. फॉन्टचं नाव माहीत असेल तर मजकूर युनिकोडमध्ये बदलता येतो, मग माणसाने एकदा वाचून जोडाक्षरं तपासायची आणि मूळ फाइलही जपून ठेवायची. पण हे काम आज करायला हवं. कोणत्या फाइलला कोणता फॉन्ट, हे सांगणारे लोक अजून आपल्यात आहेत तोवरच.

आकड्यांच्या तक्त्यांनाही हाच न्याय. विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट आवृत्तीतच उघडणारी फाइल जपण्यासाठी चांगली नाही. मूळ फाइलबरोबर साध्या मजकुराच्या रूपातली, स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली सीएसव्ही प्रत ठेवली, तर ती कुठल्याही संगणकावर उघडते.

पेनड्राइव्ह म्हणजे जतन नव्हे

इंग्लंडमध्ये 1086 साली राजाच्या हुकमाने जमिनींची पाहणी होऊन एक मोठी नोंदवही तयार झाली. तिचं नाव डूम्सडे बुक. तिला नऊशे वर्षं झाली, तेव्हा 1986 मध्ये बीबीसीने लोकांच्या सहभागातून देशाचं नवं चित्र लेझर डिस्कवर साठवलं. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क चालवणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवायला तज्ज्ञांना खटपट करावी लागली. कातड्यावर शाईने लिहिलेली नऊशे वर्षांपूर्वीची वही मात्र अजून वाचता येते.

डिजिटल वस्तू नुसती ठेवून टिकत नाही, तिची सतत निगा राखावी लागते. त्याचे नियम साधे आहेत. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या गावात. म्हणजे नांदेडला पूर आला तरी लातूरची प्रत वाचते. दर काही वर्षांनी साधन बदलावं. आणि मधल्या काळात फाइल बिघडली नाही ना, हे चेकसमने तपासावं. चेकसम हा फाइलचा अंगठ्याचा ठसा. संगणक एका सूत्राने फाइलमधून एक लांब संख्या काढतो. आतलं एक अक्षर जरी बदललं तरी ती संख्या वेगळी येते. जमा करतानाचा ठसा आणि आजचा ठसा जुळला, तर फाइल शाबूत आहे.

हे एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं नाही. त्याला संस्था लागते, आणि ती संस्था म्हणजे ग्रंथालय. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानंतर विद्यापीठाच्या ग्रंथालयाला ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात. या नावाला शोभेल असंच हे काम आहे. वर्गीकरण, तालिका, देवाणघेवाणीची नोंद, दुर्मीळ ग्रंथांची निगा या विद्या ग्रंथपालाकडे आधीपासून आहेत. त्यांना नवीन साधनांची जोड हवी, एवढंच. डिजिटल संग्रह सांभाळणारी डीस्पेस ही प्रणाली एमआयटी आणि एचपी यांनी 2002 मध्ये तयार केली. ती मोफत आहे आणि भारतातल्या अनेक ग्रंथालयांना परिचयाची आहे. स्वतःची यंत्रणा उभी होईपर्यंत युरोपातल्या सर्न संस्थेने 2013 मध्ये सुरू केलेल्या झेनोडो या खुल्या संग्रहात एकेक डेटासंच विनाशुल्क ठेवता येतो. तिथे त्याला डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी क्रमांक बदलत नाही, आणि त्या क्रमांकाने संशोधकाला त्याच्या डेटाचं श्रेयही मिळतं.

2016 मध्ये जगभरच्या अभ्यासकांनी चांगल्या डेटाच्या चार कसोट्या मांडल्या. आपल्या भाषेत त्या अशा सांगता येतील: डेटा सापडावा, मिळावा, दुसऱ्या डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा.

सगळं उघडं करायचं नाही

जपणं आणि जाहीर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भागात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या कुटुंबांवर, ऊसतोड मजुरांवर, तांड्यांवरच्या बायकांच्या आरोग्यावर अभ्यास होतात. ज्या माऊलीने विश्वासाने आपलं दुःख सांगितलं, तिची ओळख उघड होता कामा नये. आणि नुसतं नाव खोडून भागत नाही. लहान गावात ‘वय 34, विधवा, दोन एकर, अमुक तांडा’ एवढं लिहिलं तरी सगळे ओळखतात. म्हणून वयाचा गट लिहायचा, गावाऐवजी तालुका लिहायचा, ध्वनिमुद्रण कुलूपबंद ठेवायचं आणि ते कुणाला, कोणत्या अटीवर द्यायचं हे आधीच ठरवायचं. मुलाखत घेतानाच संमती विचारायची: हे जपून ठेवू का, नाव गाळून दुसऱ्या अभ्यासकाला देऊ का? वैयक्तिक डिजिटल डेटाच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, पण ही जबाबदारी कायद्याच्याही आधीची आहे, माणुसकीची आहे.

उपयोग नंतर कळतो

‘हे जपून काय करायचं?’ असा प्रश्न कुणी विचारेल. त्याचं उत्तर मराठवाड्याने पाहिलं आहे. 2023 मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने गावोगावच्या निजामकालीन नोंदी शोधल्या गेल्या. तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षांतली बासनं सोडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधावे लागले. ज्या कारकुनांनी त्या नोंदी केल्या, त्यांनी रोजचं महसुली काम म्हणून केल्या. कित्येक दशकांनी त्या नोंदींकडे लाखो लोक डोळे लावून बसतील, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. जिथे कागद नीट होता तिथे उत्तर मिळालं. जिथे वाळवी लागली होती तिथे प्रश्न तसाच राहिला.

आजच्या विद्यार्थ्याची विहिरींची वही उद्याच्या पाणीवाटपाला लागेल, की हवामानबदलाच्या अभ्यासाला, की आपण कल्पनाही केली नाही अशा कामाला, हे आपल्याला ठरवता येत नाही. ती वही नीट ठेवणं मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून यंदा प्रबंध किंवा लघुप्रबंध सादर करणाऱ्या जळकोट, उदगीर, मुखेड, कंधारच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक विनंती. प्रश्नावल्यांचा गठ्ठा रद्दीत घालू नका. एक पान घ्या आणि त्यावर लिहा: हा डेटा कुणी, कुठे, कधी, कसा गोळा केला; प्रत्येक रकान्याचा अर्थ काय; एकक कोणतं; फॉन्ट कोणता; कुणाची ओळख झाकायची आहे. ते पान आणि फाइल घेऊन ग्रंथालयात जा आणि हे जपून ठेवा म्हणून सांगा. मार्गदर्शकांनी त्या पानाशिवाय प्रबंधावर सही करू नये. ग्रंथपालांनी त्यासाठी एक कपाट आणि एक संगणक राखून ठेवावा आणि एक जबाबदार माणूस नेमावा. सुरुवातीला याहून जास्त काही लागत नाही.